थकीत कर्जाची किंमत आणि पुरावा : दोन अमेरिकी वसुली कंपन्यांच्या मूल्यमापनावरील संवाद

अमेरिकेत क्रेडिट कार्डाची थकबाकी १८० दिवस फिटली नाही की बँकेला ती निर्लेखित करावी लागते, म्हणजे ते येणे आपली मालमत्ता म्हणून ताळेबंदात धरणे बंद करावे लागते. मात्र निर्लेखनाने कर्जदाराचे देणे संपत नाही आणि बँकेचा वसुलीचा हक्कही संपत नाही. हा हक्क बँक आपल्या वसुली विभागामार्फत वापरते, टक्केवारीवर काम करणाऱ्या एजन्सीकडे सोपवते किंवा मूळ रकमेच्या अल्पशा अंशाला कायमचा विकून टाकते. या तिसऱ्या मार्गावर उभ्या राहिलेल्या धंद्यात एन्कोर कॅपिटल ग्रुप आणि पीआरए ग्रुप या दोन सूचीबद्ध कंपन्या सर्वांत मोठ्या मानल्या जातात. पहिलीचे मुख्यालय कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे आहे, तर १९९६ मध्ये स्थापन झालेली दुसरी व्हर्जिनियातील नॉरफोक येथून चालते. अशा कंपनीचे आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, या प्रश्नाच्या दोन परस्परविरोधी बाजू पुढील संवादात मांडल्या आहेत. त्यांतील विश्लेषक कंपनीकडे गुंतवणुकीच्या दृष्टीने पाहतो आणि विधिज्ञ ग्राहक-कायद्याच्या दृष्टीने.

विश्लेषक : वसुलीच्या व्यवसायाची तुलना करताना पहिली चूक होते ती दोन भिन्न धंदे एका पंक्तीत बसवण्याची. टक्केवारीवर चालणाऱ्या एजन्सीकडे कर्जाची मालकी नसते, तिचे भांडवल म्हणजे बँकेशी असलेला करार आणि प्रशिक्षित माणसे, आणि वसुली घटली तर तिचे कमिशन बुडते, पण खरेदीत गुंतवलेला पैसा बुडत नाही. मुंबईत मुख्यालय असलेल्या फर्स्टसोर्स सोल्युशन्सने न्यूयॉर्क राज्यातील एक वसुली एजन्सी २००४ मध्ये विकत घेऊन याच सेवाक्षेत्रात पाऊल टाकले होते. एन्कोर आणि पीआरए मात्र प्रामुख्याने खरेदीदार आहेत. कर्ज हाच त्यांचा कच्चा माल आहे आणि तो रोखीने, बहुतांशी उसन्या पैशाने विकत घ्यावा लागतो. म्हणून त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी प्रथम तपासाव्या लागतात : खरेदीच्या किमतीच्या किती पट वसुली अपेक्षित आहे, ती वसुली करायला शेकडा किती खर्च येतो, आणि आजवर घेतलेल्या सर्व कर्जसंचांतून अजून किती रक्कम येईल असा कंपनीचा अंदाज आहे. यांतील तिसऱ्या आकड्याला ‘उर्वरित अपेक्षित वसुली’ म्हणतात, आणि एन्कोरच्या बाबतीत २०२४ च्या अखेरीस तो सुमारे ८.५ अब्ज डॉलर होता.

विधिज्ञ : तो आकडा ज्या मालाचा आहे तो माल नेमका काय असतो, हे आधी पाहिलेले बरे. विक्रीच्या वेळी खरेदीदाराच्या हाती पडते ती एक संगणकीय यादी असते आणि तिच्या प्रत्येक ओळीत कर्जदाराचे नाव, शेवटचा ज्ञात पत्ता, खाते क्रमांक, निर्लेखनाच्या दिवशीची बाकी, निर्लेखनाची तारीख आणि शेवटच्या भरण्याची तारीख एवढाच तपशील बहुधा असतो. मूळ करारपत्र किंवा मासिक विवरणपत्रे त्यासोबत क्वचितच येतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये या व्यवसायाचा जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ९ कोटी खाती आणि १४३ अब्ज डॉलरची दर्शनी रक्कम असलेल्या पाच हजारांहून अधिक कर्जसंचांची तपासणी होती. माहिती अचूक असल्याची हमी न देता ‘आहे त्या स्थितीत’ विक्री करण्याची कलमे विक्रीकरारांत सर्रास असल्याचे तीतून दिसून आले. त्याच अहवालानुसार ग्राहक दरवर्षी सुमारे दहा लाख देण्यांवर हरकत घेत होते आणि त्यांपैकी जवळपास निम्म्याच देण्यांची पडताळणी खरेदीदारांना करता येत होती. ज्या येण्याचा पुरावा मागितल्यावर देता येत नाही, ते येणे मालमत्तेच्या बाजूला मांडायचे कशाच्या आधारावर?

विश्लेषक : किमतीच्या आधारावर. कमिशनच्या त्याच अहवालात खरेदीदारांनी एका डॉलरच्या कर्जासाठी सरासरी चार सेंट मोजल्याचे नमूद आहे. कर्ज तीन वर्षांपेक्षा कमी जुने असेल तर भाव ७.९ सेंट होता, तीन ते सहा वर्षे जुने असेल तर ३.१, सहा ते पंधरा वर्षांचे असेल तर २.२, आणि त्याहून जुन्या कर्जाला जवळजवळ शून्य. कागद अपुरे आहेत, पत्ते बदलले आहेत, काही कर्जदार दिवाळखोर झाले आहेत, हे सारे भावात धरलेले असते. एकेका खात्याची खात्री देण्याची गरज या धंद्याला नसते, कारण लाखो खात्यांच्या संचातून मिळून किती येईल याचा अंदाज पुरेसा असतो.

नमुन्यादाखल असे धरू की १० कोटी डॉलरची दर्शनी रक्कम असलेला संच चार सेंटच्या भावाने, म्हणजे ४० लाख डॉलरला घेतला आणि त्यातून २.२ पट, म्हणजे ८८ लाख डॉलर येणे अपेक्षित आहे. शेकडा ४० प्रमाणे वसुलीखर्च ३५.२ लाख वजा केला की ५२.८ लाख उरतात, आणि खरेदीची किंमत भागवून १२.८ लाख डॉलर व्याज, कर व नफा यांसाठी शिल्लक राहतात. आता तोच संच स्पर्धेमुळे पाच सेंटला घ्यावा लागला तर शिल्लक २.८ लाखांवर येते, आणि भाव चारच सेंट राहून वसुली पंधरा टक्क्यांनी कमी झाली तर ती ४.८८ लाखांवर येते. हा पैसा अनेक वर्षांत थोडाथोडा येत असल्याने दोन्ही उदाहरणांतली शिल्लक व्याजातच जिरून जाण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा या धंद्यातली कसोटी भाव ठरवण्याच्या शिस्तीची आहे, आणि प्रतिस्पर्ध्यांची तुलनाही तिथेच करावी लागते.

विधिज्ञ : हिशेब बरोबर आहे, पण ८८ लाख हा आकडा ज्या अनुभवावरून काढला जातो, त्या अनुभवात काय काय मिसळले आहे हे त्या हिशेबात दिसत नाही. भावातली सवलत दुर्दैव भरून काढते; चुकीची वसुली ती भरून काढू शकत नाही. ज्याचे देणेच नाही त्याने कटकट नको म्हणून पैसे भरले, तर कंपनीच्या प्रतिमानात ती यशस्वी वसुली म्हणूनच नोंदली जाते आणि पुढच्या संचाचा भाव तिच्या जोरावर चढतो. कोर्टातही तेच घडते. प्रतिवादी हजर राहत नाही, पुरावा तपासलाच जात नाही आणि एकतर्फी हुकूमनामा होतो, म्हणजे दुसऱ्या बाजूचे म्हणणे न ऐकताच निकाल लागतो. अशा वेळी कंपनीच्या अंदाजात गृहीत धरलेली असते ती कर्जदाराची गैरहजेरी.

ही शंका केवळ तर्कातली नाही. ग्राहक वित्तीय संरक्षण ब्युरोने सप्टेंबर २०१५ मध्ये या दोन्ही कंपन्यांविरुद्ध आदेश काढले, तेव्हा दोघींनी मिळून २०० अब्ज डॉलरहून अधिक थकीत कर्जाच्या वसुलीचे हक्क घेतलेले होते. देण्याची खातरजमा न करता वसुली करणे आणि मजकूर न वाचता सह्या केलेल्या प्रतिज्ञापत्रांवर दाव्यांचा धडाका लावणे हे ब्युरोचे मुख्य आक्षेप होते. एन्कोरला ४.२ कोटी डॉलरपर्यंत परतावा आणि १ कोटी डॉलर दंड, तर पीआरएला १.९ कोटी डॉलर परतावा आणि ८० लाख डॉलर दंड भरण्याचा आदेश झाला. शिवाय एन्कोरला १२.५ कोटी डॉलरहून अधिक आणि पीआरएला ३० लाख डॉलरहून अधिक रकमेच्या कर्जांची वसुली सोडून द्यावी लागली. सोडलेली ही कर्जे आदल्या दिवसापर्यंत अपेक्षित वसुलीच्या हिशेबात बसू शकत होती, हे विसरता येत नाही.

विश्लेषक : आदेशांचे गांभीर्य मान्य करावेच लागेल, परंतु त्यांचा स्पर्धेवर झालेला परिणाम उलट्या दिशेचा होता. २०१४ मध्ये राष्ट्रीय बँकांच्या नियामकाने कर्जविक्रीबाबत बँकांना कडक मार्गदर्शन केले. जुलै २०१५ मध्ये चेस बँकेवर सदोष कर्जे विकल्याबद्दल कारवाई होऊन तिला ५,२८,००० हून अधिक खात्यांवरील वसुली कायमची थांबवावी लागली. त्यानंतर मोठ्या बँका वाटेल त्याला कर्ज विकेनाशा झाल्या. खरेदीदाराची तपासणी करून मोजक्या मान्यताप्राप्त कंपन्यांनाच बोली लावू देण्याची पद्धत रुळली, खरेदी केलेले कर्ज पुढे तिसऱ्याला विकण्यावर बंधने आली, आणि अनुपालनाचा खर्च न झेपणारे छोटे खरेदीदार बाहेर पडले किंवा गिळले गेले. एन्कोरने तर २०१३ मध्येच अॅसेट अॅक्सेप्टन्स ही स्पर्धक कंपनी विकत घेतली होती. म्हणजे ज्या नियमनाने या कंपन्यांना दंड केला, त्याच नियमनाने त्यांच्याभोवती तटबंदी उभी केली.

विधिज्ञ : तटबंदी एवढी भक्कम होती, तर २०२३ मध्ये दोन्ही कंपन्या तोट्यात कशा गेल्या? एन्कोरचा त्या वर्षीचा निव्वळ तोटा सुमारे २०.६ कोटी डॉलर आणि पीआरएचा सुमारे ८.३५ कोटी डॉलर होता, आणि त्याच्या दोनच वर्षे आधी, २०२१ मध्ये, त्यांनी अनुक्रमे सुमारे ३५.१ कोटी आणि १८.३ कोटी डॉलर नफा दाखवला होता.

विश्लेषक : तटबंदी बाहेरच्यांना रोखते, आत असलेल्यांना एकमेकांविरुद्ध चढी बोली लावण्यापासून ती रोखत नाही. करोनाकाळात सरकारी मदतीचे धनादेश घरोघर पोहोचले. त्यामुळे जुन्या कर्जांची वसुली अपेक्षेपेक्षा वाढून २०२१ चा नफा फुगला, आणि त्याच कारणाने लोकांनी कार्डाची बिले वेळेवर भरल्याने विक्रीला येणारे नवे कर्ज घटले. माल कमी आणि खरेदीदारांच्या हाती पैसा भरपूर, अशा वेळी लिलावात सर्वांत उंच बोली बहुधा त्याचीच असते ज्याने वसुलीचा अंदाज सर्वांत जास्त धरला आहे, आणि जिंकणाराच फसतो.

याची खूण पीआरएच्या वार्षिक अहवालात सापडते. त्यात प्रत्येक खरेदीवर्षासाठी ‘मूळ पट’, म्हणजे खरेदीच्या वेळी किमतीच्या किती पट वसुली अपेक्षित होती, तो आकडा छापलेला असतो. अमेरिका खंडातील मुख्य कर्जसंचांसाठी तो २००९–१० च्या सुमारास अडीचच्या आसपास होता आणि २०२१–२२ च्या खरेदीत दोनच्याही खाली आला. एवढ्या अरुंद फटीत व्याजदर चढले की हिशेब कोलमडतो. एन्कोरच्या तोट्याचे मोठे कारण मात्र वेगळे होते. ब्रिटनमधील कॅबट ही कंपनी ताब्यात घेताना मालमत्तेच्या मोलापेक्षा जी जादा किंमत दिली गेली, तिला हिशेबात ख्यातिमूल्य म्हणतात, आणि तेच मोठ्या प्रमाणात घटवावे लागले. स्वीडनमधील इंट्रम ही युरोपातली बलाढ्य स्पर्धक तर कर्ज काढून वाढत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला टेक्सासच्या दिवाळखोरी न्यायालयात पुनर्रचनेसाठी अर्ज करावा लागला. आकाराने मोठी कंपनी सुरक्षित असते हा समज तिने खोटा ठरवला.

विधिज्ञ : यातून एक अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. २०२० पासून लागू झालेल्या हिशेबपद्धतीनुसार भविष्यातील वसुलीच्या अंदाजात बदल केला की त्या बदलाचे आजचे मूल्य त्याच तिमाहीच्या उत्पन्नात येते. अंदाज वाढवला तर उत्पन्न वाढते आणि घटवला तर घटते, आणि हा अंदाज व्यवस्थापनच करत असते. ज्याने परीक्षा द्यायची त्यानेच गुण द्यायचे, असा हा प्रकार झाला. ओक्लाहोमातील टल्सा येथील कमर्शियल फायनान्शियल सर्व्हिसेस ही एकेकाळची मोठी खरेदीदार कंपनी १९९८ मध्ये कोसळली. तेव्हा असे उघड झाले की वसुली न होणारी कर्जे एका नामधारी कंपनीला विकून आलेला पैसा वसुलीच्या आकड्यात मिसळला जात होता, जेणेकरून या कर्जांच्या तारणावर काढलेल्या रोख्यांचे खरेदीदार निश्चिंत राहावेत. आजच्या कंपन्यांवर तसा आरोप नाही. पण बाहेरच्या वाचकाने अंदाज पडताळायचा कसा?

विश्लेषक : खरेदीवर्षांच्या तक्त्यावरून. तिमाहीचा नफा वाचण्याआधी हा तक्ता वाचावा. पीआरएच्या अहवालात प्रत्येक वर्षाच्या ओळीत खरेदीची किंमत, मूळ पट आणि आजचा सुधारित पट शेजारी शेजारी असतात, त्यामुळे कोणत्या वर्षीचा अंदाज फसला हे थेट दिसते. एन्कोर खरेदीवर्षानुसार आजवरची प्रत्यक्ष वसुली आणि तिचे खरेदी किमतीशी प्रमाण देते, त्यामुळे हाती आलेली रोकड किती आणि अजून आशेवर असलेली रक्कम किती, हे वेगळे करता येते. दोन्ही तक्ते जुळवून पाहिले तर एकाच वर्षी, एकाच बाजारात घेतलेल्या मालावर कोणी किती कमावले याची तुलना होते, फक्त पीआरए दिवाळखोरीतील खाती स्वतंत्र दाखवते हे ध्यानात ठेवावे लागते, कारण त्यांचा पट कमी असला तरी खर्चही कमी असतो.

त्यानंतर वसुलीखर्चाकडे वळावे आणि त्यात कोर्टखर्चाचा वाटा वेगळा काढावा, कारण दाव्याचा खर्च आज होतो आणि त्याची वसुली पुढच्या वर्षांत येते. एन्कोरने वसुलीचे बरेचसे काम गुरुग्राममधील केंद्रातून चालवून वसुलीखर्च आटोक्यात ठेवला, हा तिचा प्रतिस्पर्ध्यांवरचा जुना वरचष्मा आहे. शेवटी उसने भांडवल पाहावे : कोणते कर्ज केव्हा फेडायचे आहे आणि ते नव्या दराने उभारावे लागले तर वर केलेल्या हिशेबातली शिल्लक टिकते का.

विधिज्ञ : तक्ता उपयुक्त आहे, पण त्यात एक स्तंभ कायम गहाळ असतो. किती खात्यांचे मूळ कागद हाती आहेत, किती देण्यांवर हरकत आली, त्यांपैकी किती सिद्ध झाली आणि किती वसुली एकतर्फी हुकूमनाम्यांतून आली, हे कोणीच सांगत नाही. २०१५ च्या आदेशाचा भंग केल्याच्या आरोपावरून एन्कोरला २०२० मध्ये १.५ कोटी डॉलर दंड झाला आणि पीआरएला २०२३ मध्ये २.४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. म्हणजे एकदा चटका बसूनही कागदांची शिस्त आपोआप आली नाही. नोव्हेंबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनी मुदत उलटलेल्या कर्जासाठी दावा लावण्यास किंवा तशी धमकी देण्यास मनाई केली आहे आणि एका कर्जासाठी सात दिवसांत सातपेक्षा अधिक फोन करण्यावर अंकुश ठेवला आहे. २०२५ पासून ब्युरोचे काम बरेच आकसले, तरी राज्यांचे कायदे आणि १९७७ च्या वसुली कायद्याखालील खासगी दावे उरतातच.

भारतातील वाचकाने हीच मोजपट्टी जशीच्या तशी इथे लावू नये, कारण भारतात वसुली एजन्सी बहुधा कर्जाची मालक नसते. थकीत कर्जे विकली जातात ती मुख्यतः २००२ च्या सरफेसी कायद्याखालील मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना. एजंटाच्या वागण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या संस्थेवरच ठेवली आहे आणि ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास मनाई केली आहे. तेव्हा भारतीय एजन्सीचे मूल्य बँकेच्या विश्वासावर ठरते, आणि एका बेफाम एजंटामुळे तो करार हातचा जाऊ शकतो.

विश्लेषक : गहाळ स्तंभाचा मुद्दा मान्य आहे, त्याचे कारण मात्र निराळे आहे. कागद नसलेले खाते अनैतिक असते म्हणून नव्हे, तर त्याची वसुली कर्जदाराच्या अज्ञानावर अवलंबून असते म्हणून ते कमी किमतीचे. कर्जदाराने एकदा वकील गाठला की त्या खात्याचा पट शून्यावर येतो.

विधिज्ञ : कारणे निराळी असोत, निष्कर्ष एकच आहे. मतभेद उरतो तो एवढाच की विश्लेषक त्या धोक्याची किंमत लावू पाहतो, आणि कायदा म्हणतो की असा माल बाजारात येताच कामा नये.

दोन्ही बाजू विचारात घेता असे म्हणावे लागते की या व्यवसायात आर्थिक मूल्यमापन आणि कायदेशीर मूल्यमापन ही दोन स्वतंत्र प्रकरणे नाहीत, कारण उर्वरित अपेक्षित वसुली हा आकडा जेवढा सांख्यिकीवर उभा आहे तेवढाच पुराव्यावरही उभा आहे. नियामकाचे आदेश अहवालाच्या शेवटी ‘जोखीम’ या मथळ्याखाली वाचून सोडून देण्याऐवजी वसुलीच्या अंदाजाची दुरुस्ती म्हणून वाचले पाहिजेत. आणि प्रतिस्पर्ध्यांची तुलना कोण अधिक वसूल करतो यावर न थांबवता, कर्जांचे भाव चढलेल्या वर्षांत कोणी खरेदी आवरली आणि कोणी कागदांसाठी जादा दाम मोजला, इथपर्यंत नेली पाहिजे. एन्कोरने २०२१ मध्ये कर्जखरेदीवर सुमारे ६६.५ कोटी डॉलर खर्च केले आणि २०२४ मध्ये सुमारे १.३५ अब्ज डॉलर. यांपैकी कोणती खरेदी शहाणपणाची होती, याचा निकाल त्या वर्षांच्या नफातोटा पत्रकातून लागणार नाही, तो पुढील अनेक वर्षांच्या वसुलीतूनच लागेल.